नव्या गाडीची पूर्ण किंमत वेबसाइटवर पटकन का सापडत नाही?

१५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे भारतातले पहिले दालन उघडले, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे दालनाच्या काचेवर रोखलेले होते. गाडी मागवण्याची व्यवस्था मात्र मुळात कंपनीच्या वेबसाइटवर होती. त्याच वर्षी व्हिएतनामची व्हिनफास्ट भारतात आली, आणि विजेच्या दुचाकी विकणाऱ्या देशी कंपन्या तर त्याआधीपासूनच मोबाइलवरून बुकिंग घेत आहेत. नव्या वाहन कंपन्यांच्या वेबसाइट बहुधा देखण्या असतात. तरीही ‘ही गाडी मुंबईत रस्त्यावर उतरेपर्यंत मला एकूण किती रुपये मोजावे लागतील’ या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता ग्राहकाची अनेकदा दमछाक होते. हा तांत्रिक दोष क्वचितच असतो. कोणती माहिती कुठे ठेवायची हे वेबसाइट आखणाऱ्यांनी ठरवलेले असते, आणि ते कसे ठरते हे समजले की गाडी घेणाऱ्याला अशा वेबसाइट अधिक सावधपणे वाचता येतात.

### इंटरफेस आणि ‘मोबिलिटी’

वेबसाइटवर जे दिसते, जे दाबता येते, जे भरावे लागते आणि त्याला समोरून जे उत्तर मिळते, त्या सगळ्याला मिळून इंटरफेस म्हणतात. रंग आणि अक्षरे हा त्याचा एक भाग झाला. कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणती माहिती कोणत्या पायरीवर द्यायची आणि मधेच विचार बदलला तर ग्राहकाने मागे कसे फिरायचे, हा दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग आहे.

‘मोबिलिटी’ हा शब्द कंपन्या हल्ली सढळ हाताने वापरतात. जुन्या पद्धतीत कंपनी गाडी बनवत असे आणि विमा, नोंदणी, कर्ज, दुरुस्ती ही सगळी कामे डीलर पाहत असे. स्वतःला मोबिलिटी ब्रँड म्हणवणारी कंपनी गाडीबरोबर चार्जिंग, बॅटरीचे भाडे, विमा, सर्व्हिसिंग, आणि काही वेळा मासिक शुल्कावर वापरायला गाडी, हे सारे एकाच खात्याखाली देऊ पाहते. ग्राहकाचे ते खाते वेबसाइटवर उघडते, मोबाइल ॲपवर चालते आणि गाडीच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवरही दिसते. त्यामुळे बटणे, अक्षरे, रंग आणि सूचनांची भाषा यांचा एक सामाईक संच आधी तयार करावा लागतो. त्याला डिझाइन सिस्टिम म्हणतात. बॅटरी कमी असल्याचा इशारा ॲपवर नारिंगी आणि डॅशबोर्डवर लाल दिसला, तर चालवणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा, असे प्रश्न हा संच नसला की उभे राहतात.

### काम कुठून सुरू होते?

रंगांपासून नक्कीच नाही. आधी संभाव्य ग्राहकांशी बोलणे होते, त्यांचे प्रश्न लिहून काढले जातात, आणि मग प्रत्येक पानाचा रेघा-चौकोनांचा साधा आराखडा केला जातो. त्याला वायरफ्रेम म्हणतात. तो जाणूनबुजून बेरंग ठेवतात, कारण रंग आले की बैठकीतले सगळे रंगांवरच बोलू लागतात. त्यानंतर प्रोटोटाइप, म्हणजे दाबून पाहता येईल अशी कच्ची प्रत, सामान्य माणसांच्या हाती देऊन ती कुठे अडखळतात हे पाहिले जाते. त्यासाठी शेकडो माणसे लागत नाहीत. या क्षेत्रातले जाणकार याकोब नील्सन यांनी २००० साली असे मांडले होते की अवघ्या ५ जणांबरोबर केलेल्या चाचणीतही बहुतेक ठळक अडचणी उघड्या पडतात.

मात्र ते ५ जण कोण, यावर पुष्कळ अवलंबून असते. मुंबईत विजेची गाडी घेऊ पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न रंगाचा नसतो. गाडी रात्री कुठे उभी राहील आणि तिला वीज कुठून मिळेल, हा असतो. परळच्या चाळीत राहून रस्त्याकडेला स्कूटर लावणारा, मालाडच्या जुन्या सोसायटीत पार्किंगची जागा असूनही चार्जरसाठी समितीच्या संमतीची वाट पाहणारा, आणि ठाण्याच्या नव्या संकुलात चार्जिंग पॉइंट आयताच मिळालेला, या तिघांना एकच पान दाखवून भागत नाही. त्यातही दक्षिण मुंबईत बेस्टची वीज, उपनगरांत अदानी किंवा टाटांची, भांडुप-मुलुंडकडे महावितरणची. म्हणजे चार्जरच्या जोडणीसाठी अर्ज कुठे करायचा हेसुद्धा पत्त्यावर ठरते. चांगली वेबसाइट ‘तुम्ही गाडी कुठे लावता?’ हा प्रश्न रंग निवडण्याच्या आधी विचारते आणि उत्तराप्रमाणे पुढचे पान बदलते. सोसायटीला द्यायच्या अर्जाचा मसुदा तिथेच उतरवून घेता आला, तर त्या एका गोष्टीने ग्राहकाचे जेवढे काम होते तेवढे गाडी गोल गोल फिरवून दाखवणाऱ्या चित्राने होत नाही.

### सुरुवातीची फिल्म कुणासाठी असते?

बहुतेक वाहन कंपन्यांच्या वेबसाइट उघडताच स्क्रीनभर चलच्चित्र सुरू होते: ओला रस्ता, सूर्यास्त, आणि कुठेही न अडकता धावणारी गाडी. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटसारखाच हा प्रकार आहे. तो पाहायला हरकत नाही, पण कार्पेट एरिया किती हे तिथल्या पडद्यांवरून आणि दिव्यांवरून कळत नाही. गाडीची ओळख करून देण्यासाठी फिल्म उपयोगी असते, हे मान्य. मात्र ती नमनालाच घडाभर तेल घालते, तेव्हा त्याची किंमत ग्राहकाच्या डेटातून आणि वेळेतून वसूल होते.

हिशेब साधा आहे. फिल्म १५ मेगाबाइटची असेल (एक मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट) आणि गर्दीच्या लोकलमध्ये मोबाइलला सेकंदाला ४ मेगाबिटचा वेग मिळत असेल, तर ती पूर्ण उतरायला ३० सेकंद लागतात. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलने वेबसाइटसाठी सुचवलेला दंडक आहे. १० सेकंदांपलीकडे माणसाचे लक्ष टिकत नाही, हे नील्सन यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवले होते. म्हणून जाणते डिझायनर आधी एक हलके स्थिर चित्र, गाडीचे नाव, किंमत आणि एक बटण दाखवतात, आणि फिल्म ज्याला हवी त्याने दाबून पाहावी अशी सोय ठेवतात. कंपनीच्या वरिष्ठांना हे सहसा आवडत नाही. ते वेबसाइट कार्यालयातल्या मोठ्या स्क्रीनवर, वेगवान वायफायवर पाहत असतात.

### किंमत सांगायला मोबाइल नंबर कशाला हवा?

घोडे पेंड खाते ते इथे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत जी किंमत दिसते ती बहुधा एक्स-शोरूम असते, म्हणजे जीएसटी धरून पण नोंदणी, रस्ता कर आणि विमा वगळून. ग्राहकाच्या खिशातून जाते ती ऑन-रोड किंमत. दोन्हींमधला फरक राज्याप्रमाणे आणि इंधनाप्रमाणे बदलतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर पेट्रोल गाडी नोंदवताना १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के एकरकमी कर लागतो. म्हणजे १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर नुसता करच सुमारे १ लाख ४४ हजार रुपयांचा होतो. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, हाही घेतो, जो पुढे प्राप्तिकरात वळता होतो. नव्या गाडीसाठी तृतीय पक्ष विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) एकदम ३ वर्षांचा आणि दुचाकीसाठी ५ वर्षांचा घ्यावा लागतो. विजेच्या गाड्यांना राज्याच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन करातून सूट असल्याने तिथे हा फरक बराच कमी होतो; विजेची गाडी विकणाऱ्या कंपनीने तर ही गोष्ट अभिमानाने पुढे मांडायला हवी.

आता हा हिशेब करण्यासाठी वेबसाइटला काय ठाऊक असायला हवे? राज्य, गाडीचा प्रकार आणि गाडी व्यक्तीच्या नावावर घ्यायची आहे की कंपनीच्या, एवढेच. ग्राहकाचे नाव, मोबाइल नंबर किंवा ओटीपी यांचा या गणिताशी काहीही संबंध नाही. तरीही ‘ऑन-रोड किंमत पाहा’ हे बटण दाबले की पुष्कळदा आधी नंबर मागितला जातो, कारण तो नंबर विक्री विभागाला हवा असतो. इंटरफेसच्या भाषेत सांगायचे तर इथे ग्राहकाच्या प्रश्नाला कंपनीच्या प्रश्नाचा टोल लावलेला असतो. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा, २०२३ यातले तत्त्व असे आहे की सांगितलेल्या कामासाठी जेवढी माहिती आवश्यक आहे, संमती तेवढ्यापुरतीच धरली जाईल. आणि संमती देणे जितके सोपे, ती मागे घेणेही तितकेच सोपे असले पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

चांगल्या वेबसाइटवर किंमत उलगडून दाखवलेली असते: गाडी, कर, विमा, नोंदणी, फास्टॅग, आणि ‘हँडलिंग चार्जेस’सारखे काही लावले असेल तर त्याचीही स्वतंत्र ओळ. विम्याच्या ओळीजवळ ‘विमा बाहेरून घेतला तरी चालेल’ असे स्पष्ट लिहिलेले असते. शेवटची बेरीज स्क्रीनच्या तळाशी कायम दिसत राहते, आणि मोठी चाके किंवा काचेचे छत निवडले की ती डोळ्यांदेखत बदलते.

### बॅटरी भाड्याने, म्हणजे गाडी स्वस्त झाली का?

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर ही विजेची गाडी ९.९९ लाख रुपये आणि त्यावर बॅटरीसाठी किलोमीटरमागे साडेतीन रुपये, अशा किमतीला जाहीर केली. बॅटरीसह पूर्ण गाडीची एक्स-शोरूम किंमत नंतर १३.५० लाखांपासून सांगितली गेली. पद्धत गैर मुळीच नाही. पण जाहिरातीत ९.९९ हा आकडा एकटा दिसला की वाचणाऱ्याच्या मनात तोच बसतो.

या दोन आकड्यांत ३ लाख ५१ हजारांचा फरक आहे. त्याला साडेतीनने भागले की साधारण १ लाख किलोमीटर येतात. म्हणजे व्याज बाजूला ठेवले, तर १ लाख किलोमीटरपर्यंत भाड्याची बॅटरी स्वस्त पडते आणि त्यापुढे महाग. उपनगरातून कामावर जाता-येता रोज ५० किलोमीटरच्या आसपास गाडी काढणाऱ्याला हा टप्पा साडेपाच वर्षांत येईल; दादर-वरळीच्या परिसरात रोज २० किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी साडेतेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. हा हिशेब वेबसाइटनेच करून द्यायला हवा. ‘तुम्ही रोज किती किलोमीटर जाता?’ अशी एक सरकपट्टी, खाली दोन्ही पर्यायांचा ५ आणि ८ वर्षांचा एकूण खर्च, आणि करारातल्या किमान भाड्याची अट त्याच आकाराच्या अक्षरांत. तीच अट पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट करड्या रंगात छापली तर ती दिली असूनही न दिल्यासारखीच होते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान साडेचारास एक असावे, हा सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. दृष्टी अधू असलेल्यांसाठी तो आहेच. पण भर दुपारी बसथांब्यावर मोबाइल पाहणाऱ्या धडधाकट माणसालाही त्याचाच आधार असतो.

मासिक शुल्काच्या योजनांमध्ये पैसे खात्यातून आपोआप जातात. अशा वसुलीआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना बँकेकडून येत असली तरी योजना थांबवण्याची सोय कंपनीच्या वेबसाइटवर कुठे दडवली आहे, हे पैसे भरण्याआधीच शोधून पाहावे.

### रेंजचा आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतला असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर, वाहनांची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ठरावीक चालन-चक्रावर मोजले जाते. रोलरवर चाके फिरतात, वेग ठरलेल्या क्रमाने वाढतो आणि उतरतो. मे महिन्यात एसी पूर्ण सोडून पश्चिम द्रुतगती महामार्गावर तासभर रेंगाळणे त्या चक्रात बसत नाही. शिवाय काही परदेशी कंपन्या डब्ल्यूएलटीपी या वेगळ्या चाचणीचा आकडा देतात. टेस्लाने मॉडेल वायसाठी भारतात दिलेला ५०० किलोमीटरचा आकडा त्याच चाचणीचा आहे. त्यामुळे दोन वेबसाइटवरचे दोन आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरू शकते. आकड्याखाली चाचणीचे नाव, आणि त्याशेजारी एसी चालू असताना शहरात किती, महामार्गावर ताशी ९० च्या वेगाने किती, असे पल्ले दिले तर नव्या कंपनीवर लोक अधिक विश्वास ठेवतील, असे मला वाटते. मोठा आकडा पाहून आलेला ग्राहक घाटात बॅटरी उतरू लागली की तोच आकडा समाजमाध्यमांवर टाकतो.

### ‘गाडी घेणारा इंग्रजी वाचतोच’

वेबसाइट मराठीतही हवी म्हटले की हा आक्षेप बैठकांमध्ये हमखास येतो. वाचतो, हे खरे. पण वॉरंटीच्या अटी आणि परताव्याचे नियम समजून घेणे वेगळे. घरातला निर्णयही एकट्याचा नसतो. पैसे घालणारे वडील किंवा स्कूटर चालवणारी सून यांना अटी स्वतःच्या भाषेत वाचता याव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही. विदा संरक्षण कायद्यातही संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि त्यात मराठी आहे.

परंतु इंग्रजी पानावर मराठी मजकूर ओतला की काम झाले, असे होत नाही. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीच्या उंचीत देवनागरी बसवली की ‘वैशिष्ट्ये’मधल्या जोडाक्षराचा तळ कापला जातो, ‘सर्व्हिस’वरचा रफार वरच्या ओळीला टेकतो. इंग्रजीत दोन लहान शब्दांत मावणारे बटण ‘टेस्ट राइडची वेळ ठरवा’ झाले की फुटून दोन ओळींचे होते. किंमत १२,००,००० अशी लाखांच्या पद्धतीने न येता हजारांच्या गटांत आली तर वाचताना क्षणभर ठेच लागते. आणखी एक बारकावा असा की पानाच्या संहितेत भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली, तर त्याची सोय असलेले फाँट ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाने दाखवतात. ती नोंद राहून गेली तर हिंदी वळणाचे ल आणि श उमटतात. मराठी वाचकाला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण पान परके वाटते. संगणकावरच्या परिचित ‘मंगल’ फाँटचे रचनाकार र. कृ. जोशी यांची कर्मभूमी मुंबईच होती, पवईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्रात त्यांनी शिकवले. त्यांच्याच शहरातल्या वेबसाइटवर रफार कापलेला दिसावा, याचे वाईट वाटते.

### कंपनीने आपला फायदा पाहू नये का?

जरूर पाहावा. मर्यादा कुठे आहे, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. ग्राहकाला गोंधळवून किंवा दबाव आणून त्याच्याकडून नको ते करून घेणाऱ्या रचनांना डार्क पॅटर्न म्हणतात, आणि अशा १३ प्रकारांना त्यात मनाई आहे. वाहनांच्या वेबसाइटवर त्यातले काही प्रकार सहज ओळखू येतात. ‘या किमतीत फक्त ३ गाड्या शिल्लक’ असे खोटेच सांगणे. ॲक्सेसरीजच्या संचावर किंवा वाढीव वॉरंटीवर आधीच टिक करून ठेवणे. विमा नाकारताना ‘नको, मला कुटुंबाच्या सुरक्षिततेची पर्वा नाही’ अशा शब्दांचे बटण दाबायला लावणे. आणि किमतीतले घटक पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर एकेक करून उघड करणे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स मंचांना ३ महिन्यांत स्वतःची तपासणी करून घ्यायलाही सांगितले.

अशा क्लृप्त्यांनी बुकिंगचा आकडा फुगतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र गाडी म्हणजे चपलांचा जोड नव्हे; बुकिंग आणि डिलिव्हरी यांच्यात आठवडे जातात, आणि शेवटच्या पायरीवर चकित झालेल्या माणसाकडे रद्द करायला भरपूर वेळ असतो.

### हे सगळे आता एआय करणार नाही का?

स्क्रीनचे आराखडे एआय मिनिटांत काढून देते, आणि अनेक डिझायनर ते वापरतातही. पण हँडलिंग चार्जेसची ओळ दाखवायची की नाही, हा प्रश्न रेखाटनाचा नाही. तो कंपनीत कुणीतरी घ्यायचा निर्णय आहे, आणि त्याची जबाबदारीही त्या माणसाचीच.

### गाडी विकल्यानंतर

नव्या कंपनीच्या वेबसाइटची सर्वांत दुर्लक्षित पाने सर्व्हिस आणि रिकॉलची असतात. सर्व्हिस सेंटरच्या नकाशावर ‘लवकरच’ असलेली ठिकाणे आणि चालू असलेली ठिकाणे एकाच रंगात दाखवली, तर वसईच्या ग्राहकाला आपली गाडी दुरुस्तीसाठी ठाण्याला न्यावी लागेल हे खरेदीनंतर कळते. गाडीत सुरक्षेशी संबंधित दोष आढळला तर ती परत बोलावून दुरुस्त करून देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली. त्यासाठी मालकाला चॅसिस क्रमांक टाकून ‘माझी गाडी यात आहे का’ हे पाहता आले पाहिजे. १७ अक्षर-अंकांच्या या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरलीच जात नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तरीही आरसी बुकावरून क्रमांक उतरवताना शून्याच्या जागी ओ टाइप होतोच. बहुतेक ठिकाणी अशा वेळी ‘अवैध क्रमांक’ एवढेच उमटते आणि मालक निघून जातो. तिथे त्या चौकटीने ओ दिसताच त्याचा शून्य करून घ्यावा, आणि तसे केल्याचे खाली मराठीत एका ओळीत सांगावे.